श्वासाचा हिशेब

चंदीगडास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची सेक्टर १७ शी ओळख बहुधा पहिल्याच आठवड्यात होते. वाहनांना मज्जाव असलेला विस्तीर्ण फरसबंद चौक, त्याच्या चहूबाजूंस एकाच मापाच्या खांबांवर उभ्या राहिलेल्या चार मजली काँक्रीटच्या इमारती, त्यांच्या लांबच लांब ओसऱ्या, कारंजे, दुकाने, कचेऱ्या आणि मध्यवर्ती ग्रंथालय. संध्याकाळी येथे बसले म्हणजे सारे शहर आपल्यासमोरून एकदा फिरून गेल्यासारखे वाटते. हा केवळ आपल्या मनाचा खेळ नव्हे. ल कॉर्बुझिए या वास्तुशास्त्रज्ञाने १९५१ साली या शहराचा आराखडा हाती घेतला, तेव्हा त्याने शहराची कल्पना मानवी शरीरासारखी केली. उत्तरेकडील कॅपिटॉल म्हणजे मस्तक, हिरवी दरी आणि उद्याने ही फुप्फुसे, सात प्रकारचे रस्ते हे रक्ताभिसरण, आग्नेयेकडील उद्योगक्षेत्र ही पोटातील इंद्रिये. आणि या देहाचे हृदय म्हणजे सेक्टर १७.

शहराला शरीर मानणारा हा आराखडा कागदावर उतरत होता, त्याच १९५१ साली अमेरिकेत सीमोर केटी नावाचा शरीरशास्त्रज्ञ नेमके उलट करीत होता. तो शरीराला शहर मानीत होता. श्वासावाटे आत शिरलेला वायू रक्ताच्या रस्त्यांनी कोणत्या वस्तीत किती वेळाने पोचतो, तेथे किती मुक्काम करतो आणि परत केव्हा निघतो, याचे गणित त्याने त्या वर्षी एका प्रदीर्घ निबंधात मांडले. या दोघांना एकमेकांच्या कामाची वार्ता असण्याचे कारण नव्हते. परंतु हृदयाच्या चौकात बसून या दुसऱ्या आराखड्याचा इतिहास आठवावा असे मला अनेकदा वाटले आहे; आणि तो आठवण्याचे आपल्याला, म्हणजे कचेऱ्यांत बसून कागदांवर सह्या करणाऱ्या मंडळींना, एक खास कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

या इतिहासाचा आरंभ भुलीच्या औषधापासून होतो. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे ईथरच्या वाफेने रोग्याला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या नोव्हेंबरात, एडिंबरोच्या सिम्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणला. क्लोरोफॉर्म वापरण्यास सोपा. रुमालावर थोडा शिंपडावा आणि नाकाशी धरावा, एवढेच काम. पण तीन महिने लोटतात न लोटतात तोच, १८४८ च्या जानेवारीत, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ पायाच्या बोटाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी काही क्षणांत मरण पावली. तेव्हापासून वैद्यांपुढे एक प्रश्न उभा राहिला: हे औषध मारते ते कसे? आधी श्वास थांबतो की आधी हृदय?

प्रश्नाकडे पाहण्याचा खरा मार्ग लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने त्याच सुमारास दाखविला होता. पुढे कॉलऱ्याच्या शोधामुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तोच हा स्नो. रुमालावर किती औषध शिंपडले हे मोजून काही कळत नाही. आत घेतलेल्या हवेत वाफेचे प्रमाण किती, हे कळले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. बंद बरण्यांत वाफेचे ठरावीक प्रमाण ठेवून त्याने लहान प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यावरून एक साधा पण खोल निष्कर्ष काढला. वायू आणि रक्त यांचा मेळ पुरता बसला म्हणजे, हवा जेवढी वाफ जास्तीत जास्त धरू शकते तिचा जितकावा अंश हवेत असेल, रक्त जेवढी वाफ जास्तीत जास्त धरू शकते तिचाही तितकावाच अंश रक्तात असतो. या नियमाने त्याने गुंगीच्या पायऱ्यांचा हिशेब मांडला. क्लोरोफॉर्मची दुसरी पायरी रक्ताच्या धारणशक्तीच्या सुमारे छप्पन्नाव्या भागाला येते, चौथी अठ्ठाविसाव्या भागाला. शुद्ध हरपणे आणि प्राण धोक्यात येणे यांमधील अंतर किती थोडे आहे, हे अशा रीतीने प्रथमच आकड्यांत दिसले. व्हिक्टोरिया राणीला १८५३ साली प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म देण्यासाठी याच स्नोला बोलावण्यात आले होते. १८५८ साली तो वारला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ काळ कपाटातच राहिला.

यानंतरचा अंक आपल्या घराजवळचा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद. तेथील रेसिडेन्सीचा सर्जन व वैद्यकीय शाळेचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या साइम या शस्त्रवैद्याचा शिष्य. गुरूची शिकवण अशी की, क्लोरोफॉर्म देताना नाडी पाहत बसू नये, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवावे. लॉरीने हजारो रोग्यांवर क्लोरोफॉर्म वापरला होता आणि आपल्या गुरूचे म्हणणे सर्वथैव सत्य आहे अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा सिद्ध करण्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. कुत्र्यांवरील प्रयोगांवरून त्याने निकाल दिला की, श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकाने या निकालाविषयी शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून त्या पत्राने आपला तज्ज्ञ हैदराबादेस पाठवावा असे सुचविले. १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस येऊन दाखल झाला. क्लोरोफॉर्म हृदयाला धोका करतो असे त्याचे येताना मत होते.

दुसऱ्या कमिशनने जे काम केले त्याचा आवाका आजही थक्क करील. कुत्री, माकडे, शेळ्या, मांजरे, ससे, घोडे मिळून पाचशेच्या आसपास प्राणी. त्यांतील शंभराहून अधिकांच्या रक्तदाबाच्या यंत्राने काढलेल्या रेघा. आणि प्रत्येक नोंदीचे छायाचित्र. निकाल पुन्हा तोच आला आणि ब्रंटननेही आपले मत बदलले. धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा आहे, हृदयावर थेट परिणामाचा मुळीच नाही, अशी तार त्याने विलायतेस केली. लॉरीच्या शाळेत तयार झालेल्या रूपाबाई फर्दुनजी त्याच सुमारास हैदराबादेत भूल देऊ लागल्या. भूल देण्याचे काम व्यवसाय म्हणून करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. हैदराबादच्या या कामगिरीविषयी अभिमान बाळगावा असे तिच्यात पुष्कळ आहे.

पण निकाल चुकला होता. १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना शरीरात ॲड्रिनॅलिन उसळले, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे ठोके विस्कळीत होऊन ते एकाएकी थांबू शकते. म्हणजे मरण अतिमात्रेनेच येते असे नाही; अपुऱ्या मात्रेत, भीतीच्या क्षणीही ते येते. न्यूकॅसलची ती मुलगी खुर्चीवर बसली तेव्हा घाबरलेली होती, हे येथे आठवावे.

पाचशे प्राणी, राजाश्रय, विलायतेचा तज्ज्ञ आणि नोंदींची छायाचित्रे एवढे सारे असूनही चूक राहिली कशी? कमिशनने उत्तरे पुष्कळ गोळा केली, परंतु प्रश्न एकच विचारला: आधी काय थांबते? औषध बहुधा वाढत्या मात्रेने शेवटापर्यंत दिले जाई, आणि अशा वेळी श्वास खरोखरच आधी थांबतो. हवेत वाफ किती, रक्तात किती, हृदयाच्या स्नायूत किती आणि त्या क्षणी शरीराची अवस्था काय, हे निरनिराळे प्रश्न आहेत याची जाणीव स्नोने करून दिली होती. हैदराबादेस ती विसरली गेली. इंग्लंडात मात्र १९०३ च्या सुमारास व्हर्नन हार्कोर्ट या रसायनशास्त्रज्ञाने हवेतील क्लोरोफॉर्म शेकडा दोनच्या वर जाऊ न देणारे उपकरण बनविले. स्नोचा धागा अशा रीतीने पुन्हा हाती आला.

तो धागा पुढे नेणारा पहिला मोठा हिशेब भुलीच्या खोलीत झाला नाही. तो पाणबुड्यांसाठी झाला. खोल पाण्यात दाबाची हवा घेणाऱ्या माणसाच्या शरीरात नायट्रोजन मुरतो आणि तो घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे होऊन त्याला अपंगत्व वा मृत्यू येतो. १९०८ साली हाल्डेन आणि त्याचे सहकारी यांनी ब्रिटिश आरमारासाठी यावर तोड काढली. शरीर म्हणजे एकच भांडे नव्हे, अनेक भांडी आहेत, असे त्यांनी मानले. काही भांडी पाच मिनिटांत अर्धी भरतात, काही दहा, काही वीस, काही चाळीस, तर काही पंचाहत्तर मिनिटांत. भरण्यास जी उशीर लावतात तीच रिकामी होण्यासही लावतात. चरबी नायट्रोजन रक्तापेक्षा कितीतरी अधिक विरघळवून घेते आणि तिला रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा. म्हणून धोका तेथेच दडून बसतो. शेळ्यांवर पडताळा घेऊन त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. श्वासातील वायूच्या शरीरातील वाटपाचे गणित माणसाचे प्राण वाचविण्यासाठी नियम म्हणून लागू झाल्याचे हे पहिले मोठे उदाहरण होय.

यापुढे १९२४ साली अमेरिकेतील हॅगर्डने ईथर शरीरात कसे शिरते व पसरते याचा अभ्यास केला. १९३७ साली स्वीडनच्या उप्साला येथील टेओरेल याने शरीरात दिलेल्या द्रव्यांच्या वाटपाची समीकरणे मांडली. आणि १९५१ साली केटीने या साऱ्याचा मेळ घातला. त्याच्या गणिताचा गाभा कोणत्याही हिशेबनीसाला समजेल असा आहे. एखाद्या इंद्रियात जमा किती झाले? रक्ताने आणले किती आणि परत नेले किती, यांतील फरकाइतके. यासाठी तीन गोष्टी ठाऊक हव्यात: इंद्रियाचे आकारमान, त्याला दर मिनिटास मिळणारे रक्त, आणि ते द्रव्य रक्ताच्या मानाने त्या इंद्रियात किती पट मावते.

आकडे घालून पाहू. मेंदूचे आकारमान सुमारे दीड लिटर आणि त्याला मिनिटास पाऊण लिटर रक्त मिळते. द्रव्य दोहोंत सारखेच मावत असेल, तर दीडला पाऊणने भागावे. उत्तर दोन मिनिटे. एवढ्या अवधीत मेंदू आपल्या वाट्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग भरून घेतो. आता चरबी घ्या. तिचे आकारमान बारा लिटर, तिला मिनिटास मिळणारे रक्त पाव लिटर, आणि द्रव्य तिच्यात रक्ताच्या पन्नास पट मावणारे. बारा गुणिले पन्नास म्हणजे सहाशे. त्यास पावने भागले की दोन हजार चारशे मिनिटे, म्हणजे चाळीस तास. एकाच श्वासातून एकाच वेळी आत गेलेल्या द्रव्याला मेंदूपर्यंत दोन मिनिटे लागतात आणि चरबीत तेवढेच मुरायला चाळीस तास. सोमवारी आठ तास काम करून घरी गेलेला कामगार मंगळवारी सकाळी परत येतो, तेव्हा सोमवारचे द्रव्य त्याच्या चरबीतून पुरते बाहेर पडलेले नसते. त्यावर मंगळवारची भर पडते. हवा मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही दिवशी तोच आकडा दिसतो. कामगाराच्या शरीराला तो दिसत नाही.

१९६३ साली वेल्समधील कार्डिफ येथे मॅपलसन याने याच समीकरणांचे विजेचे मंडल बांधले. विजेचा दाब म्हणजे वायूचा दाब, वीज साठविणारे घटक म्हणजे इंद्रिये आणि त्यांना जोडणाऱ्या तारांतील वहन म्हणजे रक्तप्रवाह, अशी जुळणी करून मंडल सुरू केले की, शरीरात काय घडेल ते काट्यावर पाहता येई. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षीची, १९६२ ची. भुलीच्या वैद्यकाला शास्त्राचे रूप आले ते या काळात. आज शस्त्रक्रियेच्या मेजावर निश्चिंतपणे डोळे मिटणाऱ्या रोग्याच्या मागे या हिशेबनीसांची अशी सबंध परंपरा उभी आहे.

मग हे गणित शस्त्रक्रियेच्या खोलीतून कारखान्यात आले. १९८४ साली रॅमसे आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनी स्टायरीन या द्रव्याचे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात रक्ताने समृद्ध इंद्रिये, स्नायूंसारखी कमी रक्ताची इंद्रिये, चरबी आणि द्रव्याचे रूपांतर करणारे यकृत असे चार विभाग होते. उंदरांवरील मोजणीतून आकडे घेऊन, त्यांत माणसाचे वजन, माणसाचा श्वास आणि माणसाचा रक्तप्रवाह घातला की, माणसाच्या रक्तात स्टायरीन किती असेल याचे उत्तर मिळे. आणि ते प्रत्यक्ष मोजणीशी जुळले. यकृताचे सामर्थ्य मर्यादित आहे, ठरावीक प्रमाणाबाहेर द्रव्य आले की ते मागे पडते आणि रक्तातील आकडा एकदम चढतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. दुप्पट हवा म्हणजे दुप्पट अपाय, हा सोयीचा समज त्यामुळे टिकला नाही. शिवाय श्वास सर्वांचा सारखा नसतो. ओझे वाहणारा मनुष्य खुर्चीवर बसलेल्या मनुष्याच्या कितीतरी पट हवा आत घेतो. रक्तात सहज विरघळणारे द्रव्य असेल, तर त्याच खोलीतील त्याच हवेतून मजुराच्या रक्तात तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक द्रव्य जाते.

त्याच १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, भोपाळ घडले. कीटकनाशकांच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले आणि काही दिवसांतच हजारो माणसे मेली. भोपाळात मराठी घरे पुष्कळ; या पत्राच्या वाचकांपैकी काहींनी ती रात्र ऐकून नव्हे, तर पाहून जाणली असेल. जे धावत सुटले त्यांचा श्वास वाढला आणि श्वासाबरोबर विषही अधिक आत गेले. पळण्याचीच शिक्षा त्यांना झाली. त्यानंतरच्या दिवसांत डॉक्टरांपुढे जो प्रश्न आला तो आपल्या विषयाच्या अगदी मर्मावरचा होता: हे विष फुप्फुसांतच थांबते, की ती ओलांडून रक्तात आणि इतर इंद्रियांत जाते? फुप्फुसांतच थांबत असेल तर उपचार फुप्फुसांचा. पुढे जात असेल तर थायोसल्फेटसारखे औषध देण्यात अर्थ. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पाहिलेला रक्ताचा लालभडक रंग एक गोष्ट सांगत होता, काही तज्ज्ञ दुसरी. आणि त्या वादात थायोसल्फेट द्यावे की न द्यावे हे दीर्घकाळ लोंबकळत राहिले. पुढे श्रीरामाचारी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतील त्यांचे सहकारी यांना रुग्णांच्या रक्तातील हिमोग्लोबिनवर त्या विषाची खूण सापडली. विष फुप्फुसे ओलांडून रक्तात गेले होते.

हे पुरते लक्षात घ्यावे की, केटीचे गणित ज्यांसाठी रचले गेले ते वायू शरीरात शिरून तसेच बाहेर पडणारे होते. वाटेत भेटेल त्या पेशीशी झोंबणाऱ्या विषाला ते जसेच्या तसे लावता येत नाही. पण भोपाळात अडले ते गणितापाशी नव्हे. हवेत काय आहे आणि ते शरीरात काय करते याची जी माहिती रात्रीच रुग्णालयाच्या दारात पोचायला हवी होती, ती पोचली नाही. हिशेब मांडायला लेखणी होती, जमेचा पहिला आकडाच नव्हता.

आता सुरुवातीस राखून ठेवलेले कारण सांगतो. भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागी हवेतील रासायनिक द्रव्यांच्या कमाल मर्यादांची एक अनुसूची त्यास जोडण्यात आली. प्रत्येक द्रव्यापुढे आठ तासांची सरासरी आणि कित्येकांपुढे पंधरा मिनिटांची मर्यादा. आपल्यापैकी ज्यांच्या मेजावर अशा तक्त्यांचे कागद येतात त्यांना तो रकाना ओळखीचा आहे. मोजलेला आकडा मर्यादेच्या खाली असला की आपण 'ठीक' असा शेरा मारतो आणि कागद पुढे जातो. त्यात गैर काही नाही. कोष्टकावाचून राज्य चालत नाही आणि हाल्डेनच्या कोष्टकाने असंख्य पाणबुड्यांचे प्राण राखले आहेत. परंतु रकान्यातील आकडा हवेचा असतो, माणसाचा नसतो. आठ तासांची सरासरी काढताना कोणीतरी एक दिवस गृहीत धरलेला असतो, एक श्वास गृहीत धरलेला असतो, एक वजन गृहीत धरलेले असते. बारा तासांची पाळी करणारा, भट्टीशी धापा टाकणारा, अर्धपोटी मजूर त्या गृहीतात बसतो का, हे विचारण्याचा अधिकार सही करणाराला आहे. हैदराबादच्या कमिशनजवळ पुरावा कमी नव्हता; नाडीवर बोट ठेवण्याची आपल्याला गरज नाही, असे त्याने आधीच ठरविले होते.

सेक्टर १७ च्या चौकातून उठताना मला पुन्हा त्या दुसऱ्या आराखड्याची आठवण होते. चंदीगड अखेरीस पाच लाख वस्तीचे होईल असे धरून आखले गेले. २०११ च्या जनगणनेत ती साडेदहा लाखांवर गेली होती. कारखाने वस्तीपासून दूर, झाडांच्या रुंद पट्ट्याआड ठेवण्याचे शहाणपण आखणारांनी दाखविले, आणि २००७ साली हे शहर धूम्रपानमुक्त म्हणून जाहीर झाले. तरी रस्त्यांच्या रक्तवाहिन्यांत किती गाड्या वाहतील, याचा अंदाज १९५१ साली कोणाला असणार? आराखडा चुकीचा होता असे नव्हे. शहर वाढत गेले आणि आराखडा कागदावर तसाच राहिला. चौकात अजून गाड्यांना मज्जाव आहे. संध्याकाळी लहान मुले कारंज्याभोवती धावतात, दमून थांबतात आणि खोल श्वास घेतात. उद्या सकाळी मेजावर येणारा तक्ता वाचताना त्यांतला एखादा श्वास आठवला, तर शेरा मारण्यापूर्वी दोन प्रश्न अधिक विचारले जातील. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.